बाबांचा रंग सुटत नव्हता

मी आयुष्यात एकदाच खोटं बोलले असं म्हटलं, तर तेही खोटंच व्हायचं. जन्मभर पेडणे तालुक्यातल्या मराठी शाळांत मास्तरीण होते. इन्स्पेक्शनच्या दिवशी हजेरीपटाबद्दल काय काय थापा मारल्यात, ते माझं मला ठाऊक. त्या सगळ्या मी विसरले. एक मात्र विसरता येत नाही. तीन शब्दांचं होतं ते, आणि बोलायला श्वासभरही वेळ लागला नव्हता. ते कळायचं तर आधी माझ्या वडिलांचं काम सांगायला हवं.

बाबा सावंतवाडीकडचे. लाकूड कातायचं आणि त्यावर लाख चढवायची, हे घराण्यातलं काम. गोवा मुक्त झाला, सरहद्दीवरचा नाका उठला, पासाची कटकट गेली, तेव्हा ते आईला घेऊन डिचोलीला आले. दोन खोल्या, पुढे पडवी, पडवीत लाकूड कातायचं यंत्र. मी तिथेच जन्मले, आणि लाकडाच्या भुशात लोळूनच मोठी झाले. बाबा खुळखुळे करायचे, लाटणी करायचे, चौरंगाचे पाय करायचे. पण त्यांचा जीव होता पाळण्यात. डिचोलीत आणि आसपासच्या गावांत पोर जन्माला यायचं झालं की माणूस आमच्या पडवीत यायचा.

लाख म्हणजे काय, असं वर्गात विचारलं की मुलं म्हणायची, 'एकावर पाच शून्यं!' मी कपाळावर हात मारून घ्यायचे. अरे बाबांनो, पळसाच्या नाहीतर बोरीच्या कोवळ्या फांदीवर सुईच्या टोकाएवढा एक किडा बसतो. झाडाचा रस पितो आणि अंगाभोवती चीक सोडतो. असे हजारो किडे एकमेकांना चिकटून बसतात, आणि तो चीक सुकून फांदीवर तांबडी, खडबडीत साल धरते. ती लाख. आई किडा त्या चिकातच कोंडून मरते, आणि पिल्लं बारीक भोकांतून बाहेर पडून पुढच्या फांदीवर जातात. 'आवस भितर रवता, पोरां भायर जातत,' बाबा सांगायचे. म्हणून लाखेची काडी पायाखाली आली की आम्ही तिला हात लावून नमस्कार करायचो.

बाजारात शुद्ध केलेली लाख तयार मिळायची, पापडासारखे पातळ तुकडे. तिला चपडा म्हणतात. लाटण्याला, चौरंगाला बाबा तोच वापरायचे. पण पाळण्याला आणि खुळखुळ्याला नाही. 'ह्यात राळ मिसळतत मेले,' असं म्हणून ते दुकानदाराला शिव्या घालायचे. 'आनी पोर तां तोंडात घालतला.' त्यामुळे लहान मुलांच्या वस्तूंची लाख आमच्या घरीच शुद्ध व्हायची, आणि त्या दिवशी घरात दुसरं काही व्हायचं नाही, अगदी जेवणसुद्धा.

काड्यांवरची लाख खरवडायची, कुटायची, चाळायची. मग दगडी डोणीत पाणी घालून दोन्ही हातांनी चोळायची. पाणी असं लालभडक व्हायचं की नवीन माणसाने बघितलं तर घाबरावं. चार पाणी, पाच पाणी, शेवटचं पाणी नितळ येईपर्यंत बाबा हात थांबवू द्यायचे नाहीत. तळाला उरायचे ते दाणे. ते सावलीत वाळवून मांजरपाटाच्या लांब, मनगटाएवढ्या जाड पिशवीत भरायचे. कोळशाची शेगडी पेटवायची. पिशवीचं एक टोक आईने घट्ट धरायचं, दुसरं बाबांनी पिळायचं. आच लागली की दाणे आतल्या आत वितळायचे आणि कापडातून लाख पाझरायची. कचरा पिशवीत राहायचा. खाली केळीच्या खोडाचं ओलं सोपट, म्हणजे साल, ठेवलेलं असायचं, त्यावर ती पडायची, म्हणजे चिकटत नसे. गरम आहे तोवर दोघं मिळून ती ओढायची, पातळ करायची.

"लग्न झाल्यापासून हो माणूस पिळताच आसा," आई घाम पुसत म्हणायची. "आधी पिशवी, मागीर माका."

बाबा ऐकू न आल्यासारखं करून तो पातळ तुकडा जनेलाकडे, खिडकीच्या उजेडात धरायचे. मधाच्या रंगाचा. त्यात एक जरी कण दिसला तरी परत पिशवीत. आईचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा.

डोणीतलं लाल पाणीही फुकट जात नसे. त्यात तुरटी घालून ते आटवलं की लाल रंग तळाला बसायचा. पिवळ्यासाठी हळद. बाजारात हिंगूळ मिळायचा, जास्त भडक आणि कमी कटकटीचा, पण तो विषारी. बाबांनी तो कधी पाळण्याजवळ आणला नाही. रंग लाखेत मळून त्याच्या कांड्या करायच्या, आणि यंत्रावर गरगर फिरणाऱ्या दांडीला कांडी टेकवायची. घर्षणानेच लाख तापून लाकडावर पसरते. मग वरून केवड्याचं सुकं पान दाबून धरायचं, की अशी चकाकी यायची! पाळण्याच्या सपाट फळ्या यंत्रावर फिरत नाहीत. त्यांना चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून मलमलीच्या बोळ्याने पुट द्यायचं, एकावर एक, दहा-बारा तरी. शिरगावच्या खाणीचे ट्रक रस्त्यावरून गेले की तांबडी धूळ ओल्या पुटावर बसायची. मग बाबा पडवीतून ट्रकवाल्याच्या सात पिढ्या काढायचे आणि पुट पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे.

स्पिरिटची बाटली मात्र कपाटात, कुलपात. चावी त्यांच्या करगोट्याला. बाबांचा थोरला भाऊ दारूने गेला होता; शेवटी शेवटी तो हेच स्पिरिट प्यायचा. त्याच्या मागे बाबांनी दारूचं नाव टाकलं. ज्या घरात बाटली, त्या घरात ते पाणी पीत नसत. आणि दारूचा वास त्यांना कुठूनही यायचा. समोरच्या रस्त्याने माणूस गेला तरी सांगायचे, ह्याने सकाळीच घेतलीय म्हणून.

तयार झालेला पाळणा ते कधी रिकामा टांगत नसत. रिकामा पाळणा हलू नये म्हणून आईचा वरवंटा धुऊन, फडक्यात गुंडाळून आत ठेवायचे. गिऱ्हाईक आलं की वरवंटा काढायचे, ओल्या फडक्याने पाळण्याची कड खसाखसा पुसायचे आणि फडकं त्याच्या नाकासमोर धरायचे. फडकं पांढरंच्या पांढरं.

"बघून घे. माझो रंग सुटणा नाय."

एवढंच बोलायचे, प्रत्येकाला, तेच शब्द.

आमच्या बोलीत लग्न होईपर्यंत मुलगी 'तां' असते. 'तां खंय गेला? तां जेवला काय?' लग्न झालं की तीच 'ती' होते. शाळेत मी याला नपुंसकलिंग म्हणायचे आणि मुली फिदीफिदी हसायच्या, पण घरात त्याला लिंगबिंग काही नसतं, नुसती माया असते. माझ्या पाठवणीच्या वेळी बाबा माझ्या सासऱ्यांना म्हणाले, "ती जरा हट्टी आसा, सांभाळून घेवा." तोवर मी दगडासारखी कोरडी उभी होते. तो 'ती' कानावर पडला आणि मग जे रडायला सुरुवात केली ती इब्रामपूर येईपर्यंत.

इब्रामपूरचं स्थळ लाखेनेच जुळवलं होतं. सासऱ्यांच्या डोंगरात पळस होते आणि बाबा दर वर्षी काडीची लाख आणायला तिथे जायचे. माणसं साधी, शेतीवाडीवाली. मुलगा माझ्यासारखाच मास्तर. बाबांनी हुंडा-मानपान काही बोलू दिलं नाही, एकच अट घातली, घरात बाटली नसावी. सासऱ्यांचे काजू होते. पण बोंडू आम्ही विकतो, दारूची भाटी लावत नाही, घरात थेंब नाही, असं त्यांनी देवाच्या खोलीत उभं राहून सांगितलं. लग्नानंतर महिन्याभरात मला तांदळाच्या कणगीमागे फेणीची बाटली दिसली.

"औषधाक गो," सासूबाई म्हणाल्या. "सर्दीपडशाक लागता. तुझ्या बापाशीक सांगू नको."

आणि खरंच औषधालाच होती. त्या घरात कुणी कधी प्यालेलं मी बघितलं नाही. पहिल्या धारेची, कडक फेणी; कुणाला ताप आला की छातीला, तळपायांना चोळायची. मी गप्प बसले. एवढ्याशा गोष्टीसाठी बापाला डोक्यात राख घालून घ्यायला कोण लावणार?

मला दिवस गेले तेव्हा बाबांनी गिऱ्हाइकांची कामं बाजूला ठेवली. तो पाळणा त्यांनी चार महिने केला. लाख माझ्याच सासरच्या पळसांची. लाल-पिवळ्या दांड्या, वर बाळाला बघायला टांगलेलं राघूंचं चिमणाळं, आणि पोराच्या दाताला येईल अशी गोल गुळगुळीत कड. "चावतलो तो. चावंदे," असं म्हणून त्यांनी त्या कडेवर केवड्याची किती पानं झिजवली असतील, देव जाणे. बाळंतपण डिचोलीला झालं, मुलगा झाला. तीन महिन्यांनी मी बाळ आणि पाळणा दोन्ही घेऊन इब्रामपूरला आले तेव्हा अख्खी वाडी पाळणा बघायला लोटली होती. सासूबाई तर येणाऱ्या-जाणाऱ्याला ओल्या फडक्याने कड पुसून दाखवायच्या. माझ्या छातीत मावत नव्हता अभिमान.

बाळ नऊ महिन्यांचं होतं तेव्हाची गोष्ट. श्रावण होता. दात येत होते, त्यातच सर्दी आणि ताप. सासूबाईंनी बाटली काढली. फडकं फेणीत भिजवायचं, छाती-पाय चोळायचे, आणि फडकं पाळण्याच्या कडेवर वाळत टाकायचं. थोड्या वेळाने पुन्हा भिजवायचं, पुन्हा तिथेच. दिवसभर हे चाललं. मीही दोनदा माझ्या हाताने भिजवलं. बाळ उठून बसलं की कडेला धरायचं आणि हिरड्या घासायचं. दिवेलागणीला त्याने उलटी केली. लाल.

सासूबाई किंचाळल्या. मी बघितलं, त्याचे ओठ लाल, जीभ लाल, दोन्ही तळवे लाल. रक्त ओकलं पोर! शेजाऱ्यांच्या जीपमधून आम्ही पेडण्याला दवाखान्यात पळालो. वाटेभर मी नुसती 'देवा देवा' करत होते. डॉक्टरांनी बाळाला तपासलं, कापूस फिरवून बघितलं आणि म्हणाले, हे रक्त नव्हे, हा रंग आहे. घसा सुजलाय म्हणून ताप आहे, उतरेल. पण रंग कसला आहे ते विचारून घ्या. पोटात जाऊ देऊ नका.

बस्स. डॉक्टर एवढंच म्हणाले. घरी पोचेपर्यंत त्याचं झालं, की डिचोलीच्या म्हाताऱ्याच्या रंगाने पोराला विषबाधा झाली.

दुसऱ्या दिवशी निरोप गेला, आणि दुपारच्या बसने बाबा आले. हातात छत्री, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेलं. आधी बाळाला बघितलं. ताप उतरला होता. बाळ त्यांच्याकडे बघून हसलं. मग बाबा पाळण्याकडे गेले. कड चिकट झाली होती, फडकं पडायचं तिथे लाख पांढुरकी होऊन सुरकुतली होती आणि खालचं लाकूड दिसत होतं. बाबांनी त्यावर अंगठा फिरवला. अंगठा नाकाजवळ नेला. मग माझ्याकडे वळले.

"हेका काय लायलंस गो?"

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. सासरे ओट्यावर. नवरा बाळाला घेऊन. मला कणगीमागची बाटली दिसत होती, आणि देवाच्या खोलीत उभं राहून शब्द दिलेले सासरे दिसत होते. आता इथे फेणीचं नाव निघालं तर बाबा या घरात पुन्हा पाऊल ठेवणार नाहीत, हे मला कळत होतं.

"पाणी. फक्त पाणी," मी म्हटलं.

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग सासऱ्यांकडे वळून, हात जोडून म्हणाले, "लाख कच्ची रवली. चूक माझी. माफी करा."

माझ्या बापाने हात जोडले. आजवर कधी कुणापुढे जोडले नव्हते. आणि मी तिथेच उभी होते.

चहासुद्धा न घेता त्यांनी पाळणा सुटा केला, दोरीने बांधला आणि डोक्यावर घेतला. सासूबाईंनी 'राहू दे' म्हटलं नाही. पाऊस पडत होता. छत्री धरायला हात मोकळा नव्हता, म्हणून ती त्यांनी आमच्याच दारात ठेवली.

चौथ्या दिवशी घरात कुणी नसताना मी कणगीमागची बाटली काढली. बाळाचा खुळखुळा बाबांनीच केलेला, त्याच लाखेचा. आधी पाण्याने चोळला. बोट कोरडं, स्वच्छ. मग फेणीत फडकं भिजवून त्यावर दाबून धरलं आणि थोड्या वेळाने चोळलं. अंगठा लाल. अगं गाढवे, स्पिरिटमध्ये चपडा विरघळताना बघत तू लहानाची मोठी झालीस! फेणी ही त्याचीच बहीण, हे तुला कळलं नाही? की आधीच कळलं होतं, बाबांनी अंगठा नाकाशी नेला तेव्हाच? मी स्वतःला हा प्रश्न हजारदा विचारलाय आणि हजारदा उत्तर बदललंय.

त्याच दिवशी बसने जाऊन सांगायला हवं होतं. गेले नाही. उद्या जाऊ, परवा जाऊ. तोवर सासूबाईंनी वाडीभर सांगून टाकलं होतं. आता खरं बोलायचं म्हणजे त्यांना खोटं पाडायचं. त्या वाईट नव्हत्या हो. त्यांना खरंच तसं वाटत होतं, आणि मी तसं वाटू दिलं. नांदायचं त्यांच्यात होतं. आणि आत एक भीतीही होती, की मी तोंडावर खोटं बोलले हे बाबांना कळेल. त्यांचं नाव गेलं तरी चालेल, पण मी त्यांच्या मनातून उतरायला नको. असं उघड कधी म्हटलं नाही मी स्वतःशी, पण वागले तशीच.

बातमीला बसचं तिकीट लागत नाही. इब्रामपूरहून ती पेडण्याला गेली आणि पेडण्याहून डिचोलीला. पुढच्या वर्षी शिरगावला लईराईच्या जत्रेत बाबांनी नेहमीसारखे खुळखुळे मांडले होते. मी बाळाला कडेवर घेऊन मागे बसले होते. एक बाई आली, खुळखुळा उचलला, वाजवला. तिच्या सोबतीणीने तो तिच्या हातातून काढून परत ठेवला. "नाका गो. हेंचो रंग सुटता. पोराक बाधता." हळू बोलली, पण आम्हा दोघांनाही ऐकू आलं.

बाबांनी ओलं फडकं पुढे केलं नाही. 'बघून घे' म्हटलं नाही. मान खाली घालून ते खुळखुळे सारखे करत राहिले, आधीच सारखे होते तरी. मी तिथे ओरडून सांगायला हवं होतं. साऱ्या जत्रेला ऐकू जाईल असं! मी बाळाचं टोपरं सारखं केलं. पुढच्या वर्षी त्यांनी जत्रेत मांडणी केली नाही, आणि त्यानंतर कधीच केली नाही.

पाळणा सांगायला येणारी माणसं हळूहळू थांबली. बाजारात तोवर लोखंडी पाळणे आलेच होते. नाहीतरी काम गेलं असतं, असं मी माझ्या मनाला सांगायचे. पण ते थोडं उशिरा गेलं असतं आणि ताठ मानेने गेलं असतं. बाबा एका फर्निचरवाल्याकडे कदेलांना, म्हणजे खुर्च्यांना, डब्यातलं व्हार्निश फासायला जाऊ लागले. त्या वासाने खोकला लागला तो लागलाच. पडवीतल्या यंत्रावर आई कपडे वाळत घालायची. घरात मांजरपाटाची पिशवी पुन्हा शिवली गेली नाही. एकदा आई म्हणाली, "आता कोणी पिळणा नाय माका," आणि हसायला गेली, पण जमलं नाही तिला.

मी माहेरी जायचे. चवथीला, मे महिन्यात, मध्येच कधी. दर खेपेला ठरवून जायचे, की आज सांगायचंच. जेवताना नको, सुखाने जेवू देत. दुपारी नको, डोळा लागलाय. मग परतायची वेळ व्हायची. बाबा मला बसपर्यंत सोडायला यायचे. शेवटच्या वर्षी दम लागायचा तरी यायचे. मी खिडकीशी बसायचे, ते खाली उभे राहायचे. माझ्याशी ते आता जपून बोलायचे, सासरच्या झालेल्या लेकीशी बोलतात तसं. माझ्यासमोर आईला सांगतानाही 'ती इली', 'ती चलली'. कंडक्टर घंटी मारायचा आणि मी म्हणायचे, "बाबा..."

ते लगेच पुढे यायचे, खिडकीचा गज धरायचे. "काय गो?"

"काय नाय. औषध वेळेवर घ्या."

"घेतंय," ते म्हणायचे, आणि गज सोडायचे. बस वळेपर्यंत तिथेच उभे दिसायचे.

असं अकरा वर्षं चाललं. मग एका सकाळी शाळेत निरोप आला, आणि मी पोचले तेव्हा बाबांना खाली घेतलेलं होतं. मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं, फेणी, फडकं, कणगी, सगळं. बायकांना वाटलं, मी टाहो फोडतेय. ऐकायला ते नव्हते.

तेरावं झालं. घर रिकामं झाल्यावर आईने मला माळ्यावरचं एक बोचकं खाली घ्यायला सांगितलं. जड होतं. जुनं लुगडं सोडलं तर आत पाळणा. तोच. मी दचकलेच, कारण तो त्यांनी केव्हाच जाळला असेल असं मी धरून चालले होते. चिकट झालेली ती कड नवी केलेली होती. लाल लाख, इतकी गुळगुळीत, की कुठून दुरुस्त केलीय ते बोटाला कळू नये. आत फडक्यात गुंडाळलेला वरवंटा. रिकामा ठेवला नव्हता.

माझा बांध फुटला. आईच्या मांडीवर डोकं ठेवून मी बोलले. फेणी होती गे आई, पाणी नव्हतं. मीच भिजवलं होतं फडकं. लाख कच्ची नव्हती. बाबांची चूक नव्हती. मी खोटं बोलले आणि त्यांचं सगळं गेलं, आणि त्यांना कळलंसुद्धा नाही.

आई माझ्या केसांवरून हात फिरवत होती. तो थांबला.

"तेंका ठावक होता गो," ती म्हणाली.

मी मान वर केली.

"वास इलो ना तेंका. त्याच दिसा येवन माका सांगल्यानी. फेणी आसा म्हणान."

"मग बोलले का नाहीत? तिथे हात का जोडले?"

"तुका थंय नांदाचा होता."

पाळण्याच्या कडेवर बसलेली धूळ तिने पदराने पुसली. पदराला रंग लागला नाही. मला वाटलं, झालं तिचं सांगून. पण ती पाळण्याकडेच बघत पुढे बोलली.

"वाट बघी होते. दर खेपेक तुका गाडयेत बसवन घराक येयत, पडवेत बसत, आनी माका सांगत, 'आज पण काय बोलला नाय तां.'"